कर्म कुठे?

काका : ...आणि त्या पत्राला मी उत्तरच दिलं नाही. अठ्ठावीस वर्षं झाली.

फिजिओ : पत्र नंतर. आधी मनगट उचला. वर, अजून वर... पडलं. पुन्हा.

काका : हे मनगट माझं ऐकत नाही हो.

काकू : या घरात तेवढं एकच तुमचं ऐकत होतं. आता तेही आमच्या बाजूला आलं.

फिजिओ : काकू, हसवू नका त्यांना, खांदा हलतो. हे बघा काका, दंडाचं हाड जुळलंय, मांडीचंही जुळत आलंय. नस मात्र सावकाश जागी होते. तोवर डावा हात. रोज एक पान लिहायला सांगितलं होतं, कुठाय?

काका : हे काय, लिहिलंय की.

फिजिओ : 'अंगण, अंगत-पंगत, अंगद...' तुम्ही शब्दकोश उतरवून काढताय?

काका : स्वतःचं लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. म्हणजे, तसं कधीच नव्हतं.

काकू : आहे. ते पत्र आहे. परवा एक्स-रेचं पाकीट शोधताना मला सापडलं, म्हणून तर यांनी तोंड उघडलंय. एरवी उघडलं असतं का?

फिजिओ : कुणाचं पत्र, काका?

काका : जुळाऱ्याचं. तुम्हाला ठाऊक नसेल. छापखान्यात शिशाचे खिळे असायचे, प्रत्येकावर एक अक्षर. ते एकेक वेचून ओळ उभी करायची, तीही उलटी, आरशात दिसते तशी. ते काम करणारा तो जुळारी. तो जुळवायचा, मी चुका काढायचो. एकोणीस वर्षं. त्याचा हात असा चालायचा, चिमणी दाणे टिपते ना, तसा.

काकू : आणि मोटारसायकलही त्याचीच. हे मागे बसायचे, मांडीवर प्रुफांचं बाड घेऊन.

काका : एक नाटककार गावाबाहेर राहायचे. प्रुफं त्यांच्याकडे पोचवायची असत आणि शेवटचं वाचन राहिलेलं असे. मग मी जाता जाता त्याच्या कानात मोठ्यानं वाचायचो, विरामचिन्हांसकट. स्वल्पविराम म्हटलं की तो ब्रेकवर पाय नुसता टेकवायचा. पूर्णविराम आला की गाडी थांबलीच पाहिजे.

फिजिओ : आणि उद्गारचिन्ह?

काका : हॉर्न.

काकू : नाटकात उद्गारचिन्हं किती असतात, तुम्हीच विचार करा. लोक दारात यायचे, कोण मंत्री चाललाय बघायला.

काका : वारा इतका असायचा की माझं मलाच ऐकू यायचं नाही. त्याला कसं यायचं, कोण जाणे. कुठे चुकलं तर तो न वळता मान हलवायचा. मी एरवी जन्मात कुणाशी इतक्या मोठ्यानं बोललेलो नाही.

फिजिओ : मग?

काका : मग छापखान्यात संगणक आले. खिळे पोत्यांत भरून वितळवायला गेले. तो दुसऱ्या गावी गेला, तिथे एक जुना छापखाना अजून तग धरून होता. 'तूही चल' म्हणाला होता. मी म्हटलं, बघतो. माझं सगळं 'बघतो'वरच अडतं. चार महिन्यांनी हे पत्र आलं. वाचा ना, तुम्हीच वाचा.

फिजिओ : 'गाडी गेली. सगळे म्हणतात, मी वाचलो. आता डावा शिकतो आहे. तू एकदा ये.' ...पण हे लाल लाल काय आहे यावर?

काकू : सांगा. माझ्यासमोर सांगितलंत, आता यांच्यासमोर कसली लाज?

काका : त्याचं अक्षर मोत्यासारखं होतं. आणि हे असं, वेडंवाकडं. मला वाटलं, बसमध्ये मांडीवर कागद ठेवून लिहिलंय. मी टेबलाशी होतो, हातात लाल पेन होतं. 'मी वाचलो' दिसलं आणि सवयीनं...

फिजिओ : खोडून 'मी वाचले' केलंत. आणि समासात लिहिलंय, 'कर्म कुठे?'

काका : काय वाचलं ते नको का लिहायला? पुस्तक वाचलं, पोथी वाचली, काहीतरी. वाक्याला कर्म लागतं, असं वाटलं मला.

फिजिओ : इथे 'डावा'तला काना उडवलाय.

काका : म्हटलं, नव्या गावात रिकामा वेळ असेल, पत्त्यांचा एखादा डाव शिकत असेल. गाडी गेली म्हणजे विकली असेल.

फिजिओ : अहो काका! त्यांचा जीव वाचला होता.

काका : हो. महिन्यानं कळलं. कागदाचा एक विक्रेता दोन्ही छापखान्यांत यायचा, तो म्हणाला. वळणावर खडी सांडलेली होती, गाडी घसरली. उजवा हात कोपरापासून काढावा लागला. जुळाऱ्याचा उजवा हात, पोरी. आणि मी त्याला व्याकरण शिकवत बसलो होतो.

फिजिओ : पण ते लाल त्यांनी कुठे पाहिलं? पत्र तर तुमच्याकडेच होतं.

काका : मी पाहिलं होतं ना. नवा कागद घ्यायचो, 'प्रिय' लिहायचो, की तो लाल रंग डोळ्यांपुढे. मग वर्ष गेलं. मग पाच गेली. पुढे तर उशीर झाल्याचीच लाज मोठी झाली.

काकू : आणि मी विचारलं की म्हणायचे, तो कामात असेल, लिहीत नाही. मी त्या बिचाऱ्याला अठ्ठावीस वर्षं माणूसघाणा म्हणत आले!

फिजिओ : मग आता तीन महिने अंथरुणात काढल्यावरच कसं आठवलं?

काका : विसरलो कधी होतो? पण त्या दिवशी भाच्याच्या मागे बसून वाचनालयात निघालो आणि गाडी घसरली. शुद्धीवर आलो तर खाटेपाशी जो येईल तो एकच म्हणतोय, 'वाचलात हो, वाचलात.' एकानंही कर्म जोडलं नाही. मग तुम्ही डाव्या हातात पेन्सिल दिलीत. पहिली ओळ लिहिली आणि बघतो तर अक्षर त्याचं. हुबेहूब.

फिजिओ : ...ते लाल पेन इकडे द्या.

काका : कशाला?

फिजिओ : जप्त. शब्दकोशही बंद. उद्यापासून रोजचं पान त्यांना लिहायचं.

काका : पत्ता जुना आहे. तो असेल का, तेही... आणि असला तर काय म्हणेल?

फिजिओ : ते त्यांना ठरवू दे. तुम्ही कशाला त्यांच्या वतीनं बोलताय?

काकू : ते लाल शाईचं मात्र लिहू नका. उगाच जुनी जखम कशाला? 'प्रकृती ठीक नव्हती' म्हणा.

काका : अठ्ठावीस वर्षं?

काकू : मग 'पत्र हरवलं होतं' म्हणा. फार खोटंही नाही ते.

काका : तसं लिहिलं तर ते उत्तर होणार नाही गं. पुन्हा एकदा न लिहिल्यासारखंच ते.

(दहा दिवसांनी, सकाळी. रस्त्याच्या टोकाला, टपालपेटीसमोर.)

फिजिओ : काठी, दुखरा पाय, मग चांगला. वा! आलो की. तीन महिन्यांत पहिल्यांदा रस्ता बघताय.

काका : हे औषधांचं दुकान नवीन आहे का?

काकू : सहा वर्षं झाली त्याला. कधी पुस्तकातून मान वर केलीत तर दिसेल. आणि पोरी, सात पाकिटं फुकट घालवली यांनी. चिकटवायचं, परत उघडून बघायचं.

काका : सहा.

काकू : बघ! लाल पेन नेलंस तरी खोड जात नाही.

फिजिओ : काय लिहिलंत शेवटी?

काका : फार नाही, दीड पान. त्याच्या पत्रावर मी काय काय केलं ते, जसंच्या तसं. माझा हात कसा मोडला ते. आणि ती नाटकाची प्रुफं त्याला आठवतात का, एवढं विचारलं.

काकू : मी माणूसघाणा म्हणत होते, ते नाही ना लिहिलं?

काका : लिहिलंय. खाली लिहिलंय, बायको क्षमा मागते आहे.

काकू : अहो! मी कधी मागितली?

काका : आता मागून टाक. म्हणजे वाक्य बरोबर होईल.

फिजिओ : द्या ती काठी. मी धरलंय तुम्हाला. घाला आता... काका? घेरी येतेय का?

काका : नाही. एकदा आत गेलं की मला त्यात काही दुरुस्त करता यायचं नाही.

फिजिओ : मी टाकू का?

काका : नको, नको. माझं आहे... पडलं. पडल्याचा आवाज आला ना?

काकू : आला. मी ऐकला.

फिजिओ : झालं तर मग! चला, फिरू मागे. फार उभं राहिलात तर पाय सुजेल.

काका : पेटीवर लिहिलंय, अकराला उघडतात.

काकू : मग? आत्ता साडेदहा होतायत.

काका : त्या दुकानाच्या पायरीवर बसू या जरा. पत्र नेलेलं बघतो, मग जाऊ.