सत्तावन्न अंश

नाही, नाही, आधी मला बोलू द्या, कारण सभेत मला एकही वाक्य कोणी पूर्ण करू दिले नाही, आणि अर्धे वाक्य पोटात राहिले की मला अन्न पचत नाही! वय चौऱ्याहत्तर पूर्ण, पंचाहत्तरावे चालू. संपूर्ण नावही सांगितले असते, पण वसाहतीत ते कोणालाच ठाऊक नाही, सगळे मला ‘शुद्धलेखनकाका’ म्हणतात, कारण जिन्यातली ‘पाणी जपुन वापरा’ ही पाटी मी लाल पेन्सिलीने दुरुस्त केली होती… दोनदा. शाळा सातवीत सुटली. पुढे बेचाळीस वर्षे पुस्तके बांधली, आणि तुम्हाला सांगतो, बांधता बांधता वाचली, छापील पानांचे फर्मे जसे हाताखाली येतील तसे! त्यामुळे मधमाशीपालनाचा मला फक्त उत्तरार्ध येतो, पण तो पक्का येतो. सांगायचे एवढेच की छापील शब्दावर माझा विश्वास आहे, आणि घोटाळा तिथेच झाला. पण मी खोटे लिहिले नाही हो… बरोबर करून लिहिले!

कशाबद्दल म्हणून काय विचारता? ढिगाबद्दल! आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक वहिनी खानावळ चालवतात. त्या एके दिवशी पदर खोचून घरोघर फिरल्या, “आपला कचरा आपणच जिरवू या की! गाव काय आपल्या कचऱ्यासाठी बसवलंय?” आणि पंधरा दिवसांत वसाहतीत गटच गट झाले! गळके नळ शोधणारा एक गट, मोडक्या खुर्च्या जोडणारा एक, आणि मागच्या अंगणात पंपाच्या खोलीशेजारी खताचा ढीग रचणारा एक. अध्यक्षस्थानी निवृत्त मुख्याध्यापिका. सभेत चमच्याने पेला वाजवतात म्हणून त्यांना सगळे घंटाबाई म्हणतात, अर्थात मागे. त्या म्हणाल्या, “काका, तुमचं अक्षर सुंदर आहे. तुम्ही तापमान लिहा.”

आणि माझ्या हाती थर्मामीटर आला. हातभर लांब सळई, वर घड्याळासारखी तबकडी. रोज सकाळी ती ढिगात खुपसायची आणि आकडा भिंतीवरच्या तक्त्यावर लिहायचा. पंचावन्नच्या वर असेल तर ढिगाला हात लावायचा नाही. उतरला तर फावडी घेऊन मंडळींनी यायचे आणि ढीग खालीवर करायचा. म्हणजे बघा, सारी वसाहत माझ्या आकड्यावर हलणार! बेचाळीस वर्षांत माझ्या शब्दावर कोणी डिंकाची बरणीसुद्धा हलवली नव्हती.

मी वाचनालयातून खतावरचे पुस्तक आणले. दोनदा वाचले. त्यात स्वच्छ छापले होते, तिसऱ्या दिवशी ढीग पंचावन्न ते साठ अंशांवर जातो. तिसऱ्या दिवशी सळई खुपसली… एकतीस! आता तुम्हीच सांगा, चूक कोणाची? पुस्तकाची दुसरी आवृत्ती, मागे शुद्धिपत्रसुद्धा जोडलेले. त्यात पान अठराची चूक होती, पान चाळीसची होती, तापमानाची नव्हती. आणि थर्मामीटर? अवजारांच्या दुकानात कुदळींशेजारी लटकत होता! मी सत्तावन्न लिहिले. मुद्रणदोष दिसला तर आपण दुरुस्त करतो ना? तसेच. दुसऱ्या दिवशी तीस दिसले, मी अठ्ठावन्न लिहिले.

आमची ही म्हणाली, “अहो, एकदा हात घालून बघा ना.”

म्हटले, “हाताला अंश कळतात का?”

“अंश नाही कळत. गार कळतं!”

पण ऐकेल तो मी कसला! आणि तक्ता असा देखणा दिसू लागला की फावडीवाले निवांत बसले. त्यांचे तरी काय चुकले? ढीग मात्र आतून भिजला, चिकटला, आणि दुसऱ्या आठवड्यात असा वास सुटला, असा वास, की तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या बंद झाल्या! लगेच सभा. घंटाबाई तक्त्यासमोर उभ्या. टण् टण् टण्! “तापमान आदर्श आहे. मग वास कशाचा? कोणीतरी शिजलेलं अन्न टाकतंय.” आणि सगळ्या माना एकदम वळल्या… कोणाकडे? खानावळीकडे!

वहिनी उभ्या राहिल्या. “सालं नि देठं सोडून मी काही टाकलं असेल तर सांगा! कोणी बघितलंय का?”

“बघायला कशाला हवं? आकडे खोटं बोलतात का?”

मी कुठे होतो? पहिल्या रांगेत. चष्मा पुसत. तुम्हाला सांगतो, इतका पुसला, इतका पुसला की काच झिजायची वेळ आली! मनात म्हणत होतो, मी खोटे लिहिले नाही… बरोबर करून लिहिले. मनातच हं. तोंडातून चकार शब्द नाही.

वहिनींच्या बादल्यांना ढीग बंद झाला. ज्या बाईने गटाचा श्रीगणेशा केला, तिलाच! रोज सकाळी त्या दोन भरलेल्या बादल्या घेऊन माझ्या खिडकीखालून रस्त्याच्या टोकाच्या कचराकुंडीपर्यंत जात. आणि रागवाव्यात की नाही? नाही! बादल्या खाली ठेवायच्या, तळहात चोळायचे, वर बघून विचारायचे, “काका, आज किती?”

“सत्तावन्न.”

“वा! चला, ढीग तरी नीट चाललाय.”

अहो, दोन शिव्या घातल्या असत्या तर परवडले असते! मी खिडकी बंद ठेवू लागलो. त्या मोठ्याने विचारू लागल्या. आणि मग एके दिवशी वरच्या मजल्यावरचा प्लंबर जिन्यात कोणाला तरी सांगताना ऐकला, “कचऱ्यात लबाडी करते ती बाई सैपाकात काय करत असेल? मी तर डबा बंद केला बुवा.” त्याचे ऐकून आणखी चौघांनी केला. पाच डबे! माझ्या सुंदर अक्षराने एका बाईची चूल विझत चालली होती!

आमच्या हिने काय केले? मुकाट्याने पातेल्यात पाणी उकळले, माझ्या हातातून सळई घेतली आणि आत सोडली. काटा सरसर चढला… नव्व्याण्णव! सरळमार्गी, प्रामाणिक यंत्र हो ते. ही म्हणाली, “घ्या. आता पातेल्यालाही शुद्धिपत्र जोडा.”

पुढच्या सभेत मी उभा राहिलो. कबुली लिहून नेली होती, प्रस्तावनेसह. टण्! “काका, मुद्द्यावर या.” म्हटले, “मुद्दा प्रस्तावनेनंतर येतो!” टण् टण्! शेवटी कागद मिटला आणि सांगून टाकले, “एकवीस दिवसांचे आकडे पुस्तकावरून लिहिले आहेत. ढीग थंड आहे. वहिनींचा काही दोष नाही.”

आणि मग… टाळ्या! घंटाबाईंनी डोळे टिपले. “बघा, बघा! वहिनींना वाचवायला काका सगळं स्वतःवर घेतायत. या वयात!” प्लंबर म्हणाला, “काका आणि चूक? शक्यच नाही!” जन्मभर मी या वाक्याची वाट पाहिली होती हो… आणि ते आले कधी, तर तेव्हा!

मग मी सगळ्या समितीला अंगणात नेले. नाकाला रुमाल लावून सगळे गोलाकार उभे. सळई खुपसली. अठ्ठावीस. प्लंबर चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिला. वहिनींनी कोपरापर्यंत हात ढिगात घातला, काढला, पाल्याला पुसला.

“दहा दिवस बादल्या वाहिल्या मी, काका,” त्या म्हणाल्या. “आणि रोज तुम्हालाच विचारत होते.”

बस, एवढेच. माझ्या खिशात दिलगिरीचे अर्धे पान होते, उत्तम परिच्छेद पाडलेले. ते खिशातच राहिले. म्हटले, “वहिनी, मी खोटे लिहिले.” बरोबर करून वगैरे काही नाही. नुसते खोटे.

त्यांनी माफ केले का? विचारायचा मला धीर झाला नाही. त्यांनी माझ्या हातात फावडे दिले. घंटाबाईंनी समितीतर्फे वहिनींची माफी मागितली, प्लंबरने स्वतः जाऊन डबा पुन्हा लावला, बाकीच्या चौघांपैकी तिघे आले, एक अजून यायचा आहे; त्याच्याकडे मी रोज जातो. ढीग आता मी खालीवर करतो, पाठ मोडेपर्यंत. आकडे वहिनी लिहितात. तक्ता वाचायची मला पूर्ण मुभा आहे… पेन्सिल तेवढी त्या सोबत घेऊन जातात.