अस्तर लावलेला पतंग

...आणि वर मलाच विचारतो, "उडवणाऱ्याला अनुभव किती?" अनुभव! अहो, पाच वर्षांची पोर आहे ती, चपलेचा डावा-उजवा कळत नाही अजून, तिला जगण्याचाच अनुभव जेमतेम, त्यातला निम्मा झोपण्यात गेलेला... तुम्हाला सांगते, तो दुकानदार नव्हताच, नोकरीसाठी मुलाखत घ्यायला बसवलेला माणूस होता! "एका दोरीचा हवा की दोन दोऱ्यांचा? कागदी की कापडी? त्रिकोणी की चौकोनी? शेपटीवाला की बिनशेपटीचा? आणि ताई, तुमच्याकडे वारा कसा असतो?" वारा कसा असतो म्हणजे? मी काय त्याला घरी बोलावून चहा पाजते? येतो, माझे वाळत घातलेले कपडे शेजारणीच्या गॅलरीत टाकतो, आणि जातो! मी म्हटलं, "साधा असतो हो." तर असा बघायला लागला माझ्याकडे, जशी काही मी वाऱ्याच्या घराण्याची चौकशी न करताच उठून आलेय. अहो, पतंग घ्यायचा होता हो... जावई नव्हे!

आता तुम्ही म्हणाल, हिला या वयात पतंग कशाला? माझ्यासाठी नाही हो, भाचीसाठी. धाकट्या भावाची मुलगी. सगळे तिला भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी दिसली तर समजायचं, ताप आलाय. तर या भिंगरीला हवा होता कुत्रा. उठता-बसता, जेवता-खाता, एकच... कुत्रा! पण माझी भावजय! "ताई, केस गळतात हो कुत्र्याचे! घोरतो, सोफ्यावर लोळतो, आणि सगळं शेवटी माझ्याच गळ्यात!" आणि हे म्हणताना बघत होती माझ्या भावाकडे. तो बिचारा सोफ्यावर लोळत होता, उठून बसला. म्हणजे एक आहे घरात, दुसरा नको, असं. मग तोड काय निघाली? कुत्र्याऐवजी पतंग! कोणाच्या डोक्यातून निघाली देव जाणे, पण आणायचा कोणी? "ताई, तुमची निवड किती छान असते!" ...हे वाक्य कानावर पडलं की समजावं, आपल्या पाकिटाला भोक पडलं. आणि माझी निवड? मागे मी बाहुली आणली होती, झोपवली की डोळे मिटणारी. एकच डोळा मिटायची! दुसरा टक्क उघडा! पोर कितीतरी दिवस दिवा लावून झोपली.

बरं, नुसता पतंग न्यायचा असता तर काही नव्हतं. पण त्यांच्या इमारतीत मुलांची एक टोळी आहे, आणि टोळीचा एक कप्तान आहे. वय वर्षं सात, आवाज फौजदाराचा. त्याने भिंगरीला सांगितलं, "ज्याचा पतंग पाण्याच्या टाकीच्या वर जाईल, तोच आमच्यात." आणि आमचं रत्न कमरेवर हात ठेवून काय म्हणालं? "माझी आत्या आणणारे! टाकीच्या वर जाणार! तुझ्या घराच्या पण वर जाणार!" कप्तान म्हणाला, "आणि नाही गेला तर?" म्हणे, "मग मी परत खेळायला येणार नाही. कध्धीच!" झालं! रविवार ठरला, मागचं मैदान ठरलं. आता सांगा, पणाला कोण लागलं? पोरीचं सगळं बालपण, आणि मी!

म्हणून मी आपली नीट बघून घ्यावा म्हणून दुकानात गेले, तर आमचे हे मागे. "मी येतो. तुला फसवतील." आले, आणि काय केलं? दुकानदाराच्या बाजूला जाऊन उभे राहिले! हे कामाला आहेत गोदामात. यांना जगातली कुठलीही वस्तू दाखवा, पहिला प्रश्न, "भार किती घेते?" लग्नाआधी मला बघायला आले तेव्हा काय विचारायचं राहिलं असेल, ते मला आता कळतंय. दुकानदाराला तर असं गिऱ्हाईक जन्मात भेटलं नसेल. दोघं कामट्या वाकवून बघतायत, दोऱ्याला झटके देतायत, "नाही नाही, हवेचा दाब बघा ना साहेब"... आणि मी? मी तिथल्या फुग्याच्या घोड्यावर कोपर टेकून उभी! पतंग घ्यायचा होता हो... जावई नव्हे! शेवटी एक लाल त्रिकोणी, लांब शेपटीचा उचलला. दुकानदार म्हणाला, "बेस्ट! पहिल्या पतंगासाठी हाच." आधी दाखवलेल्या तिन्ही पतंगांनाही तो हेच म्हणाला होता.

घरी आणला, आणि मी त्याची शिलाई बघितली. इथेच चुकलं माझं. शिवण बघायची नाही कधी! पण करणार काय, आमचा धंदाच तो. पडदे, उशांचे अभ्रे, सोफ्याची कव्हरं. फुशारकी नाही मारत, पण मी कव्हर घातलेला सोफा मोडतो, कव्हर फाटत नाही. आणि या पतंगाला काय? नुसता धावदोरा! कडा न दुमडता! कापड एवढं झिरझिरीत की पलीकडे बसलेले हे दिसत होते, आणि ते काही फारसं बघण्यासारखं नव्हतं. म्हटलं, हे पोरीच्या हातात द्यायचं? पहिल्या झटक्यात चिंध्या! आणि वर कप्तान हसणार! माझे हात शिवशिवायला लागले. मशीन उघडलं. आधी नुसत्या कडा दुमडल्या. मग दुमडल्याच आहेत तर पायपिंग. मग पायपिंग एवढं छान बसलं की मधलं कापड अगदीच गरीब दिसायला लागलं... म्हणून अस्तर लावलं. सोफ्याच्या कव्हरातला तुकडा उरला होता, चांगला जाड. कोपऱ्यांना ठिगळं. खरं सांगू? चेनही लावणार होते, धुवायला बरी पडते म्हणून. पण घरात चेन संपली होती, म्हणून पतंग वाचला.

मग हे आले. दोरा बघितला. "याला दोरा म्हणतात?" आणि गोदामातून दोरी घेऊन आले. पोती बांधायची! "आता बैल बांधलास तरी तुटणार नाही." मी म्हटलं, बैल कशाला बांधायचाय? पण मनात म्हटलं, माणूस पहिल्यांदा घरकामात पडलाय, नाउमेद नको करायला.

रविवारी भावाकडे गेलो. भावजयीने आधी पतंग नुसता लांबून बघितला, आणि "अगबाई! ताई, ही टोकं डोळ्यात जातील हो!" लगेच तिन्ही टोकांना लावले स्पंजचे गोळे! वर चिकटपट्टी! मग तो माझ्या भावाने उचलला. एका हाताने उचलला, मग दुसरा हात लावला. "ताई... हा उडेल ना गं?"

"न उडायला काय झालं? ओढून बघ, फाटतोय का!"

"मी उडेल का विचारलं. फाटेल का, असं नाही विचारलं."

लहानपणापासून असाच आहे तो. मोडता घालणारा.

मैदानात सगळी टोळी हजर. आणि वारा? वारा असा सुटलेला की कोणाच्या तरी गच्चीवरची चादर आमच्या डोक्यावरून उडत गेली! कप्तानाचा कागदी पतंग वर टाकीशी लुडबुडतोय! आणि आमचा? हे धावले, पोट पुढे, पतंग मागे, धप्प! भाऊ धावला, धप्प! मी धावले... तुम्ही हसू नका, मीही धावले, एक चप्पल तिथेच राहिली... धप्प! सगळ्या जगाला वारा लागत होता, आमच्या पतंगाला नाही. आणि तो कप्तान, मेला, हाताची घडी घालून काय म्हणतो? "काकू, हा पतंग आहे की गादी?" मनात आलं, याचं तोंड धरावं आणि दुहेरी टाका घालावा! पण तेवढ्यात भिंगरीकडे लक्ष गेलं. रडत नव्हती. खालचा ओठ नुसता पुढे आला होता, आणि ती कोणाकडेच बघत नव्हती. माझ्याकडे तर नाहीच. तुम्हाला सांगते, त्या क्षणी ते अस्तर माझ्या छातीवर ठेवल्यासारखं वाटलं.

मग तिने नाक पुसलं. यांच्या हातातली दोरी घेतली. आणि चालायला लागली, अशी मैदानाच्या कडेकडेने. पतंग मागून घसटत. स्पंजच्या टोकांवर टुणूक टुणूक, मागे शेपटी हलतेय... एका दगडाला अडकला, तिने दोरी ओढली, तर तो टुणकन उडी मारून पुढे आला! तिने वळून बघितलं. आणि म्हणाली, "चल. शहाणं बाळ."

टोळीतला एक चिमुरडा पुढे आला. "चावतो?"

"अनोळखी माणसांना."

कप्तान म्हणाला, "ए! टाकीच्या वर जाणार होता ना?"

"कुत्रे टाकीवर जातात का?"

फौजदाराने पाय घासले मातीत. स्वतःचा पतंग खाली उतरवला. मग म्हणाला, "मला एक चक्कर देशील?"

"आधी त्याला तुझा वास घेऊ दे."

अंधार पडेपर्यंत रांग लागली होती हो! दगडातून, काट्यातून, चिखलातून फरपटला बिचारा, पण टाका हलला नाही माझा! भावजय म्हणाली, "ताई, याचे केस गळत नाहीत!" आमचे हे म्हणाले, "बघितलीस दोरी?"

चला, म्हटलं, पोरीचं निभावलं, सुटले मी. पण सुटते कुठे! दुसऱ्या दिवशी दुकान उघडते, तर दारात कप्तानाची आई. "आमच्या चिरंजीवांना तस्साच हवाय. न उडणारा." इतकी वर्षं पडदे शिवले, अभ्रे शिवले, आणि माझं नाव झालं ते कशाने? न उडणाऱ्या पतंगाने! करता काय? गळ्यात टेप घातली, आणि विचारायला लागले... कान उभे हवेत की लोंबते? शेपटी आखूड की लांब? अस्तर एकेरी की दुहेरी? मुलाला ओढायचा अनुभव किती? आणि तुमच्याकडे जमीन कशी असते?

ती बाई बघतच राहिली माझ्याकडे. मग म्हणाली, "अहो ताई, पतंग घ्यायचाय हो... जावई नव्हे!"