केशरबाईचं वाचन

साठीच्या पुढचं कुणीही चालतं, ताई — बाई असो, माणूस असो, शाळा शिकलेलं असो की नसो — तुमच्या आईचं वय किती म्हणलात? एकाहत्तर? मंग आमच्यात त्या तरण्याच निघतील, आमच्याकडं नव्वदीची एक म्हातारी येती. बसा ना. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो, हिच्यावर बसा. ज्योत्स्नाबाई असत्या तर त्यांनीच समजावून सांगितलं असतं, केंद्र त्यांचंच हाय — मुख्याध्यापिका होत्या, रिटायर झाल्या अन् वडिलांच्या घराचा हा पुढचा हॉल म्हाताऱ्यांसाठी उघडून दिला, नाव ठेवलं 'उजळणी'. त्यांच्या आईनं म्हणं पन्नाशीत पाटी धरली होती. इथं कुणी कुणाला अडाणी म्हणलेलं त्यांना बिलकुल खपत न्हाई. त्या आज जालन्याला गेल्यात. मी भागवत सर, अक्षरवर्ग घेतो. छत्तीस वर्षं मास्तरकी केली, आता ही दोन वर्षं इथं.

हा फळा बघा, येत्या महिन्याचं सगळं ह्याच्यावर हाय. सोमवारी अन् बुधवारी अक्षरवर्ग. मंगळवारी मोबाइल — नातवाला व्हिडिओ लावायचा कसा, अन् कुणी गोड बोलून ओटीपी मागितला तर फोन बंद करायचा कसा, हे पयलं. गुरुवारी जात्यावरच्या ओव्या — शिवकन्याबाई म्हणून एक येतात, त्यांच्या पोटात ओव्यांचं कोठारच हाय, ज्योत्स्नाबाई त्या एकेक करून रेकॉर्ड करून राह्यल्या. महिन्याच्या शेवटाला लोणारची सहल, गुडघेदुखीवाल्यांनी वरूनच सरोवर बघायचं, खाली उतरायचा हट्ट करायचा न्हाई. अन् ह्या शनिवारी मोठा कार्यक्रम, 'आमचं वाचन' — जे इथं येऊन शिकले त्यांनी चारचौघांत उभं राहून एक पान वाचून दाखवायचं. घरच्यांना बोलावलंय, पाहुणे येणारेत, चहा-पोहे हायेत. आईला घेऊन या तुम्ही शनिवारी, आवडंल त्यांना.

शुक्रवार? — शुक्रवार सुटला होय माझ्या बोलण्यातून? 'कागद वाचायला शिका' — सातबारा, फेरफार, खरेदीखत, सही करायच्या आधी काय बघायचं, असलं. चांगलं हाय ते. ती कल्पना माझी न्हाई, केशरबाई म्हणून एक येतात, त्यांनी ज्योत्स्नाबाईंना म्हणलं, गोष्टी-बिष्टी शिकवता ते ठीक, पण कागद शिकवा. मंग ठेवला शुक्रवार. मी त्या दिवशी येत न्हाई. तब्येत बराबर नसती शुक्रवारी — म्हणजे दर शुक्रवारीच नसती असं न्हाई, पण न्हाई येत.

ती यादी व्हय? ती शनिवारच्या वाचणाऱ्यांची हाय, राहू द्या तिथंच. खोडलेलं ते — अहो, वेळ कमी पडतो. दोन तासांचा कार्यक्रम, त्यात पाहुण्यांचं भाषण, कुणाला तरी कमी करावंच लागतं ना — असं मी तिलाही सांगितलं. पण तुम्ही बोट ठेवून मोजून राह्यल्या म्हणून सांगतो, नऊच माणसं हायेत. वेळ रगड हाय. खोडलेलं नाव केशरबाईचंच हाय. अन् ती माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार बाई हाय, हेही सांगतो, कारण तुम्ही शनिवारी आलात तर कुणी ना कुणी सांगंलच तुम्हाला.

ती काय वाचणार होती ते मला माहीत होतं, म्हणून खोडलं.

गावाचं नाव न्हाई घेत, इथून तीन कोसावर हाय. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट, साक्षरता अभियान आल्तं, गावोगाव प्रौढांचे वर्ग काढायचे होते अन् माझ्या गावाचं माझ्याकडं होतं. मी काय केलं? दहा-बारा दिवस घेतला वर्ग. बाया दिवसभर रानात राबून यायच्या, पाटीवर डोकं टेकून डुलक्या घ्यायच्या. मंग कापसाची वेचणी लागली, बाया यायच्या बंद झाल्या, अन् मीही कुणाच्या दारात बोलवायला गेलो न्हाई. खरं म्हणजे मला सुटल्यासारखंच वाटलं. पण परीक्षेची तारीख आली ना. वरून माणूस विचारतोय, किती झाले साक्षर, अन् शेजारच्या गावच्या मास्तरनं तर शंभर टक्के कळवलेले. मंग मी त्रेचाळीस बायांना गोळा करून फकस्त सही शिकवली — चार दिवसांत सही येतीच, चित्र काढल्यासारखी — अन् त्रेचाळीस पेपर घरी बसून स्वतः लिहिले. काही डाव्या हातानं. काहींत मुद्दाम चुका केल्या, खरं वाटावं म्हणून. केशरबाईच्या पेपरात 'पाणी'चा णी नळाचा केला. बघा, एवढं बारीक आठवतंय.

गाव संपूर्ण साक्षर झालं. वेशीवर पाटी लागली. मला शाल, नारळ, आदर्श शिक्षक, तालुक्याच्या गावी सभा, फोटो. बायांना प्रमाणपत्रं वाटली, त्यांनी ती देवाच्या फोटोमागं खोचून ठेवली. मी म्हणलं, कुणाचं काय बिघडलं? ह्या कागदानं कुणाचं काय वाकडं होणार हाय?

दोन-तीन वर्षांनी केशरबाईचा नवरा गेला, मच्छिंद्र, काविळीनं. एक पोरगी पदरात. चार एकर जमीन, मोसंबीची झाडं लावलेली, हातातोंडाशी आलेली. भुजंगराव म्हणून दीर होता, तो हिला म्हणला, वहिनी, वारस म्हणून तुमचं नाव लावायचंय, चला, सही करा. हिनं केली सही. मीच शिकवलेली. तो हक्कसोडीचा कागद होता, ताई. स्वतःच्या हातानं स्वतःला जमिनीतून काढून टाकलं बाईनं, अन् घरी येऊन दिराला चहा करून दिला.

कळलं तवा ती कोर्टात गेली. तिचं म्हणणं साधं होतं, मला वाचता येत न्हाई, मला कुणी वाचून दाखवलं न्हाई. मंग समोरच्या वकिलानं ते प्रमाणपत्र काढलं. न्यायाधीशांनी तिच्या हातात कागद दिला, म्हणले, वाचा बाई. ती म्हणली, 'न्हाई येत, साहेब.' वकील म्हणला, 'साहेब, नाटक करून राह्यली, परीक्षा पास झालेली बाई हाय, ज्यांनी शिकवलं ते गुरुजीच बाहेर बसलेत.' अन् मला आत बोलावलं.

तुम्ही म्हणाल दिरानं मला काही दिलं असंल. न्हाई. एक कप चहासुद्धा न्हाई. दिलं असतं तर बरं झालं असतं, निदान मला ते म्हणता तरी आलं असतं. मी फकस्त भ्यालो. खरं बोलावं तर त्रेचाळीस पेपर बाहेर येणार, चौकशी लागणार, शाल देणारेच नोकरीवर उठणार. पोरं लहान होती माझी. वकिलानं विचारलं, 'ह्या बाईंना वाचता येतं का?' मी म्हणलं, 'येतं.' न्यायाधीशांनी चष्मा काढला, म्हणले, 'तुम्ही स्वतः शिकवलं?' मी म्हणलं, 'हो साहेब, स्वतः.' ती पाच हातांवर उभी होती. मला वाटलं शिव्याशाप देईल. तिनं माझ्याकडं असं बघितलं — कसं सांगू — जसं काही मी सांगतोय ते खरं असंल अन् आपणच विसरलो असू, असं. मास्तर खोटं कसं बोलंल, असं.

जमीन गेली. अन् भर कोर्टात बाई खोटारडी ठरली, ते येगळंच. मंग ती इथं परतूरला आली, लोकांचा कापूस वेचला, जिनिंगमध्ये झाडलोट केली, पोरगी शिकवून नर्स केली. मला हे उडत-उडत कळायचं. रस्त्यात दिसली की मी गल्ली बदलायचो. असे रस्ते बदलत रिटायर झालो.

अन् मागच्या दिवाळीनंतर एक दिवस मी इथं फळा पुसून राह्यलो, तर दारात ही. पोरीनं आणून सोडलेली. 'नमस्ते, सर' म्हणली अन् पुढच्या सतरंजीवर बसली. मला वाटलं वळखलं न्हाई — मोतीबिंदू झाला असंल, तीस वर्षं झाली, मीही टकला झालो. आठ दिवस मी त्याच आशेवर जगलो बघा. त्यानंतरच्या वर्गाला पाटीवर नाव लिहिता-लिहिता म्हणली, 'सर, सही तुमीच शिकवल्ती मला. आता बाकीचं शिकवा.' एवढंच. टोमणा मारला असता तर मी उत्तर तयार ठेवलं होतं, ताई, तीस वर्षं घोकलेलं. ते कधी मागितलंच न्हाई तिनं.

शिकवलं मी. जीव तोडून शिकवलं. पुण्य म्हणून न्हाई — भीती म्हणून. कारण मला पयल्या महिन्यातच कळलं होतं ती कशासाठी शिकून राह्यली. तिच्या पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला तो हक्कसोडीचा कागद असायचा. मी एकेक अक्षर तिच्या हातात देत होतो अन् ती एकेक अक्षरानं त्या कागदाकडं सरकत होती. मंग शनिवारचा कार्यक्रम ठरला. मी सगळ्यांना विचारलं, काय वाचणार? कुणी म्हणलं पेपर, कुणी म्हणलं नातीचं पत्र. ती म्हणली, 'माझा कागद.' परवा मी नाव खोडलं, अन् काल वर्ग सुटल्यावर तिला सांगितलं, केशरबाई, वेळ कमी हाय, पुढच्या टायमाला घेऊ.

'बरं सर,' म्हणली. चप्पल घालायला वाकली, परत सरळ झाली. 'मंग तुमालाच वाचून दाखवते.'

ह्याच जागी बसली. मी समोर. अर्धा तास लागला तिला. बोट ठेवून, ओठ हलवत, एकेक शब्द सोडवत. गट नंबर आला, मच्छिंद्रचं नाव आलं — तिथं जरा थांबली — भुजंगरावाचं आलं. मी म्हणालो, पुरे आता, डोळे दुखतील. ती म्हणली, 'ऱ्हावू द्या, शेवटच आलाय.' अन् शेवटची ओळ लागली. 'लिहून देणार ह्या सा...' अन् अडली. दोनदा मागं जाऊन आली. 'लिहून देणार ह्या सा...' मंग कागद माझ्याकडं फिरवला, बोट ठेवलं, म्हणली, 'सर, हे काय अक्षर हाय? हे तुमी अजून शिकवलं न्हाई.'

न्हाईच शिकवलं होतं. क्ष अन् ज्ञ पुस्तकाच्या शेवटच्या पानावर असतात, वर्ग अजून तिथवर गेला न्हाई.

मी म्हणलं, 'क्ष.' परत म्हणलं. 'क्ष. साक्षर.'

'साक्षर,' ती म्हणली. मंग वाचलं पुढं — 'लिहून देणार ह्या साक्षर असून त्यांनी सदर मजकूर स्वतः वाचून, समजून, राजीखुशीने सही केली आहे.' सगळं बराबर वाचलं, एक चूक न्हाई. मी वाट बघून राह्यलो, आता बोलंल, आता बोलंल. तिनं काय केलं माहितीये? पिशवीतून वही काढली, क्ष दहा वेळा गिरवला, अन् वही माझ्यापुढं सरकवली, तपासायला. अन् मी — काय म्हणावं मला — खिशातून लाल पेन काढला अन् बरोबरची खूण केली.

तुम्ही अशा बघू नका, ताई. बघा, बघा, तुमचंही बरोबर हाय. तुम्ही आईसाठी चौकशी करायला आल्या अन् मी हे काय काढून बसलो. ज्योत्स्नाबाईंनाही माहीत न्हाई हे. घरी बायकोला माहीत न्हाई. सकाळी फळा लिहायला आलो तवापासून ती यादी समोर घेऊन बसलो होतो, तुम्ही आल्या नसत्या तर बहुतेक तसाच बसून राह्यलो असतो. द्या तो पेन. केशरबाई — पयलं नाव. अन् तिच्या खाली हे माझं. न्हाई, पुस्तकातला पाठ न्हाई, चार ओळी लिहून आणणार हाय. कोर्टात जे म्हणायचं होतं ते. जमीन काही येत न्हाई त्यानं, भुजंगराव मेला, पोरांनी विकून टाकली, तिथं आता प्लॉट पडलेत. बाईला खोटारडी ठरवलं तेवढं तरी — न्हाई, तेही भरून येत न्हाई. माहितीये मला. ज्योत्स्नाबाई नंतर मला वर्गावर ठेवतील का हाकलतील, ते त्यांचं त्यांनी बघावं. तुमच्या आईला पाठवायचं तर ते शनिवारनंतर ठरवा, मास्तर कोण हाय ते बघून.

थांबा — गेट वाजलं. आज अक्षरवर्ग न्हाई, सकाळी मीच निरोप धाडला होता, यायचं असलं तर या म्हणून. मला वाटलं न्हाई येणार. — या केशरबाई, या, आत या. न्हाई न्हाई, ह्या ताई निघाल्याच हायेत. — निघा ताई तुम्ही. जाताना दार तेवढं लोटून घ्या. निघा.