आवाज वाढवून पाहिजे

मेकॅनिक : ...म्हणजे कमी नाही करायचा?

काका : नाही. वाढवायचा.

मेकॅनिक : काका, मी पुन्हा विचारते हं. हा पाण्याने थंड होणारा कॉम्प्युटर. डोक्यावर रेडिएटर, रेडिएटरला तीन पंखे. लोक मला बोलावतात ते या पंख्यांचा आवाज बंद करायला. विमानाच्या शेपटीत झोपल्यासारखं वाटतं म्हणतात. वाढवून द्या म्हणणारे तुम्ही पहिलेच.

धाकटी : तरी मी सांगत होते भाऊजी, ती हसेल.

मेकॅनिक : हसत नाहीये मावशी. कळत नाहीये मला, एवढंच.

काका : आधी बस तू. ही माझी मेहुणी. कॉम्प्युटर हिच्या ताईचा, म्हणजे माझ्या बायकोचा. ती गेली या उन्हाळ्यात. अंधांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचायची. याच खोलीत बसून, रेकॉर्ड करून. शेवटचं पुस्तक पुरं केलं आणि मग गेली.

मेकॅनिक : अरेरे. मला माहीत नव्हतं.

काका : तुला कसं माहीत असेल? तर अडचण अशी आहे. पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणांत तिच्या बोलण्यामागे सारखी घरघर आहे. ग्रंथालय म्हणतं, हे असं लोकांना देता येणार नाही. तिथला रेकॉर्डिंगवाला भला माणूस आहे. तो म्हणाला, मला नुसती घरघर आणून द्या, बोलण्याशिवाय. अर्धा मिनिट पुरे. तेवढी मिळाली की तो ती बोलण्याखालून उपसून काढणार.

मेकॅनिक : हो, तसं करतात. पण त्यासाठी नवी कशाला? रेकॉर्डिंगमध्येच सापडेल की. दोन वाक्यांच्या मधे माणूस थांबतोच.

काका : ती नाही थांबायची. म्हणजे थांबायची, पण थांबलेलं सगळं नंतर कापून टाकायची. आपला श्वास कुणाला ऐकू जाता कामा नये म्हणे. सगळ्या मधल्या जागा काढून टाकल्यात. शेंगांच्या शिरा काढतात तशा.

धाकटी : ताईचं कामच तसं. चादरीला सुरकुती चालायची नाही तिला.

काका : सोमवारपर्यंत घरघर दिली नाही, तर ती प्रकरणं दुसऱ्या बाईंकडून वाचून घेणार आहेत.

धाकटी : आणि त्यात वाईट काय आहे? त्या बाई छान वाचतात. मी ऐकलंय. एवढा जिवाचा आटापिटा कशाला?

काका : त्या पुस्तकातली आई निम्म्या पुस्तकात घर सोडून जाते. जाते ती हिच्या आवाजात. आणि परत येऊन दार वाजवते ती दुसरीच्याच आवाजात? ऐकणाऱ्याला दिसत नाही, बाई. दारात कोण उभं आहे ते त्याने ओळखायचं कसं?

मेकॅनिक : बरं. मग पंखे चालू करून रेकॉर्ड करायचं. त्यात माझं काय काम?

काका : केलं ते. हे ऐक, चालू आहे आत्ता.

मेकॅनिक : हे? हे तर कुजबुजतंय.

काका : आता हेडफोन लाव. हे तिचं.

मेकॅनिक : ...किती सुरेख वाचतात.

काका : तिच्याकडे नको लक्ष देऊस. मागचं ऐक.

मेकॅनिक : हो. हा वेगळाच आहे. जड आहे. थांबा, हे मशीन कुणी साफ केलंय का एवढ्यात?

धाकटी : मी केलं. कापसासारखी धूळ बसली होती त्या फटींत. ब्रशने काढली सगळी. गुन्हा केला का?

काका : ताई गेल्यावर हिने घर पुसायला घेतलं. भिंतीचा रंग तेवढा राहिला.

धाकटी : बसून राहिले असते तर तुमच्यासारखी झाले असते.

मेकॅनिक : धुळीने एवढा फरक पडत नाही मावशी, घाबरू नका. मी पंख्यांना पूर्ण वेग देऊन बघते. हां. आता?

काका : हा नाही. हा सुसाट आहे. तिचा दबलेला होता.

मेकॅनिक : कान चांगला आहे तुमचा. हा मोकळ्या वाऱ्याचा आवाज. रेकॉर्डिंगमधला आहे तो कोंडलेल्या वाऱ्याचा.

काका : विकणारा म्हणाला होता, पाण्यावरचा घ्या, आवाजच येत नाही. तेवढ्याचसाठी घेतला तिने.

मेकॅनिक : अर्धं खरं सांगितलं त्याने. पाणी गप्प असतं. आतली उष्णता उचलायची आणि रेडिएटरपर्यंत आणून टाकायची, एवढंच त्याचं काम. ती मशीनबाहेर काढायला वारा लागतोच. हे पंखे पत्र्याच्या फटींतून वारा वर ढकलतात. वाट मोकळी असली तर नुसता फुसफुसतो. वाट अडली की गुरगुरतो. मशीन ठेवलेलं कुठे असायचं? या टेबलावरच?

काका : आधी टेबलावर. आजारपणात तिला खुर्चीवर बसवेना. मग इथे खाली आणला, पलंगाच्या पायथ्याशी. माइक उशीशी.

मेकॅनिक : मग तिथेच ठेवू. धरा जरा. सांभाळून, जड आहे. गादीच्या उंचीला आला की हा बरोबर. आता यावर पुठ्ठा धरून बघते.

काका : नाही, नाही. शिट्टी वाजतेय.

मेकॅनिक : पुठ्ठा कडक आहे, वारा त्याच्या कडेवर कापला जातो. काहीतरी मऊ असणार. पडदा पडत होता का यावर? कपडे?

काका : मला नाही सांगता यायचं. ती वाचायला बसली की मी बाहेर.

मेकॅनिक : घराबाहेर?

काका : जिन्याच्या पायरीवर. आधी फ्रिज बंद करायचा, बेलची वायर काढायची, मग पायरीवर जाऊन बसायचं. कुणी वर आलं की ओठावर बोट. शेजाऱ्यांची मुलं मला 'शूऽ आजोबा' म्हणतात अजून. दार उघडायचं ते तिने हाक मारली की. आत असायची ती ही धाकटी. पानं उलटायला.

मेकॅनिक : मग मावशी, तुम्हाला माहीत असेल. काय असायचं यावर?

धाकटी : काही नाही. मी पानं उलटायचे. कॉम्प्युटरकडे कोण बघतंय?

मेकॅनिक : बरं. आणखी एक गोष्ट जमत नाहीये मला. हे मशीन तगडं आहे. नुसतं बोलणं रेकॉर्ड करायचं म्हणजे हत्तीच्या पाठीवर चिमणी. हे कोमटसुद्धा होणार नाही. आणि तापल्याशिवाय पंखे चढत नाहीत. दुसरं काहीतरी चालू असणार सोबत. बघते थांबा... काका, तुम्हाला गाड्यांच्या शर्यतीचा शौक आहे का?

काका : मला? मी सायकलवरून पडतो.

मेकॅनिक : यात शर्यतीचा खेळ आहे. भारीतला. आणि तो वसंत ऋतूत रोज खेळलेला दिसतोय. रोज दुपारी.

काका : दुपारी ती वाचायची. तो खेळ तिच्या भाच्याने टाकला होता कधीतरी, सुट्टीत. खेळणार कोण?

मेकॅनिक : उघडून बघू. हे काय! गाडी भिंतीला नाक टेकवून उभी आहे. शर्यत संपवलेलीच नाही एकदाही. नुसतं इंजिन चालू आणि आवाज बंद.

काका : धाकटे.

धाकटी : काय?

काका : खाली काय बघतेस? माझ्याकडे बघ.

धाकटी : म्हणून म्हणत होते, द्या त्या दुसऱ्या बाईंना वाचायला. पण माझं ऐकतंय कोण.

काका : काय करायची ती?

धाकटी : पाय ठेवायची.

काका : कुठे?

धाकटी : यावर. पलंगावरून पाय पुढे काढायची, ते या जाळीवर. वरून निळी रजई. पाय गार पडायचे तिचे, बर्फासारखे. मोजे घालून भागायचं नाही. एकदा असाच पाय लागला तेव्हा म्हणाली, अगं, यातून ऊब येते. मग भाच्याला फोन करून विचारलं, हा जास्तीत जास्त कशाने तापतो? तो म्हणाला, गाड्यांचा खेळ लाव, मावशी. तर लावायची. मग गाडी नेऊन भिंतीला उभी करायची, म्हणजे पुन्हा बघायला नको.

मेकॅनिक : आणि वारा रजईत अडायचा. मग मशीन आणखी तापणार, पंखे आणखी चढणार. बरोबर आहे. तोच आवाज.

काका : तिला कळत नव्हतं का, घरघर रेकॉर्ड होतेय म्हणून? एवढी श्वास कापणारी बाई.

धाकटी : कळत होतं. मी विचारलं होतं तिला. म्हणाली, पाय गार असले की माझा आवाज कापतो. घरघर मागाहून काढता येते, कापरा आवाज सरळ करता येत नाही.

मेकॅनिक : खरंय ते.

काका : मला का नाही सांगितलं?

धाकटी : तुम्ही काय केलं असतंत?

काका : वाचन बंद करायला लावलं असतं.

धाकटी : मग.

काका : ते तेव्हाचं झालं. नंतर सांगायचं होतंस. घरघरीसाठी गेला महिनाभर मी दारोदार फिरतोय, आणि तू गप्प.

धाकटी : कसं सांगणार होते, भाऊजी? तुम्ही भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला काय सांगत होतात ते आठवा.

काका : काय सांगत होतो?

धाकटी : शेवटी शेवटी तिचे पाय गरम असायचे म्हणून.

काका : हां.

मेकॅनिक : मी जरा बाहेर थांबू का?

काका : नको, बस. ती हाक मारायची, मी आत यायचो, पाय चेपायला घ्यायचो. ते गरम असायचे. आधी नसायचे, मग असायला लागले. मला वाटलं, औषध लागू पडतंय. डॉक्टरांनाही सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली.

धाकटी : तिने मला शपथ घातली होती. म्हणाली, त्यांना वाटतंय ना बरं, वाटू दे.

काका : म्हणजे कॉम्प्युटरची उष्णता होती ती.

धाकटी : हो.

काका : रजई कुठे आहे?

धाकटी : कपाटात. वरच्या खणात. धुतलीय मी.

काका : धुणारच तू. काढ.

मेकॅनिक : द्या इकडे. अशी असायची का, मावशी? बरं, खेळ चालू केलाय. तापू दे जरा. ...चढतायत बघा पंखे. ऐका काका, जवळ आलं का?

काका : जवळ आलं. पण फडफडतंय.

मेकॅनिक : रजई वाऱ्याने उचलली जातेय, म्हणून. खाली पाय हवेत.

धाकटी : मी ठेवते. आमचे पाय सारखे होते, तिच्या चपला मी घालायचे.

काका : तू नको. सरक. मी आडवा होतो तिथे.

मेकॅनिक : मोजे काढा काका, गरम होईल.

काका : काढतोच आहे. असे? दोन्ही?

धाकटी : शेजारी शेजारी. टाचा अलीकडे. आता रजई मी ओढते... हां. अशीच.

मेकॅनिक : आता कुणी बोलू नका. हलू नका. मावशी, बांगड्या धरा. मी बोट खाली केलं की श्वाससुद्धा हळू.

(पंख्यांची घरघर. बाकी काही नाही.)

मेकॅनिक : झालं. आता एका कानात हे ऐका, दुसऱ्या कानात त्यांचं.

काका : ...तोच.

मेकॅनिक : नक्की ना? घाई नाही. पुन्हा ऐका.

काका : तोच आहे. त्यात बघायचं काय.

धाकटी : म्हणजे आता ताईच दार वाजवणार.

मेकॅनिक : मी इथूनच पाठवून देते ग्रंथालयाला, पत्ता सांगा. आणि काका, काम झालंच आहे तर आता पंखे नीट लावून देते. एवढे मंद करीन की चालू आहे का बंद ते कळणार नाही.

काका : दे लावून. पण आत्ता नको.

मेकॅनिक : मग खेळ तरी बंद करू? उगाच तापतंय मशीन.

काका : राहू दे गाडी तशीच उभी. पाय आत्ता कुठे गरम व्हायला लागलेत.