आडव्या फोनमधली पंगत

हॅलो?… हॅलो, गौरवी? अगो, मी आजी. नार्व्याहून… हो, कामात आहेस ते ठाऊक आहे. तुझ्या त्या कामानेच माझी अब्रू गेली, म्हणून फोन लावला.

नाही, बारसं छान झालं. तुझ्या गौरेशदादाचा मुलगा रडलासुद्धा नाही… अगो ऐक ना! मोठ्याने बोलते? फोनवर मोठ्यानेच बोलावं लागतं.

तू ते पंगतीचं ॲप करून दिलंस ना? हो, तेच. केळीची पानं मांडलेली, माणसाचं नाव बोटाने ओढून पानावर ठेवायचं. म्हणजे रुसवेफुगवे नकोत म्हणालीस. माझ्या नातीने केलं म्हणून गावभर मिरवलं मी… काय झालं? सुशीला उपाशी गेली.

हो, तुझी धाकटी आजी. माझी जाऊ. फणसावरून भांडलो, त्यानंतर पहिल्यांदा माझ्या दारात आली होती गो. मी स्वतः तिचं नाव ओढून माझ्या शेजारच्या पानावर ठेवलेलं. पहिल्या रांगेत, माजघरात!

मग? अक्षरं बारीक दिसली म्हणून फोन आडवा केला, आणि दाबलं 'सर्वांना कळवा'… नाही बघितलं परत. मांडलेलं पान आपल्याआप उठून जातं का कधी?

काय?… सावकाश सांग. आडवा केला की फोन सगळं मोडतो, आणि नव्याने मांडतो?… रांगोळी पुसून परत घातल्यासारखं. बरं. मग नावं कशी राहिली?… ती फोन आपणहून राखतो. आणि पंगत तू हाताने घडवलेली, म्हणून कोण कुठे बसलं ते जपायला तूच त्याला सांगायला हवं होतं… आणि विसरलीस!

शाबास… नाक ओढू नकोस, ऐकू येतं मला. दुसऱ्या कुणाच्या हातात देण्याआधी नीट कर म्हणजे झालं.

पण ती मांडवाच्या टोकाला कशी गेली?… ज्या क्रमाने नावं भरली, त्या क्रमाने परत बसली?

…आठवू दे, कोणाकोणाची भरली ते.

तिचं नाव मीच शेवटी भरलं होतं गो. सोयरे झाले, भटजी झाले, मांडववालासुद्धा झाला. मग ती.

अजून ऐक. ती चपलांच्या शेजारी बसलेली दिसली. मला वाटलं, मुद्दाम. चार माणसांत म्हटलं, "इथे बसून मला खाली बघायला लावतेस? ताठा गेला नाही अजून!"… हो, म्हटलं. वाढणारे थांबले… ती? पानाला नमस्कार केला आणि उठली. तिला आलेला मेसेज तिच्या सुनेने, संजनाने, नंतर दाखवला. 'शेवटची रांग, मांडव.' तो वाचून बिचारी मुकाट्याने बसली होती. एवढी मुकाट्याने ती जन्मात कधी बसली नाही!

तू फोन करतेस तिला? काय सांगशील, ॲपची चूक?… नको. पान हललं ती चूक तुझी. जीभ माझी होती.

कसला आवाज? पोफळीची झावळं ती… घरी नाही. तिच्याच खळ्यात, अंगणात उभी आहे. डबा घेऊन. चण्याच्या डाळीचं गोड मणगणं केलं तिच्यासाठी, निवून गेलं बघ. दारावर थाप मारायला हात होईना, म्हणून तुला लावला फोन… हसतेस काय!

थांब… जनेल उघडंच आहे गो. खिडकीआड उभी आहे ती… गप्प, गप्प.

सुशीले… नातीशी बोलत होते… कधीपासून ऐकतेस?… सगळं?…

नाही गौरवी, तुला नाही… काय म्हणते? विचारते, पान कुठे मांडू तुझं, माजघरात की खळ्यात?…

ठेव फोन. खळ्यातच बसते आज.