जनकाबाईच्या नावाची गोळी

जवळा बाजारच्या स्टँडवर माझ्या शेजारी एक शिक्षिका आपल्या आत्याला पिशवीतलं काहीतरी दाखवत होती.

“ज्योती, ही खारीक एवढी जड काहून?”

“आत्या, गोफणीतली गोळी हाय ही. दोन हजार वर्षांमागं रोमन सैनिक शिशाची ओतायचे. शिसं विषारी, म्हणून मी कथलाची ओतली.”

“अन् ही अक्षरं?”

“त्यांच्या गोळीवर सेनापतीचं नाव असायचं. मी साच्यात ‘जनकाबाई’ कोरलं.”

“माझं? काहून?”

“जवारीतली पाखरं कोण हाकलतं? उद्या शाळेत गोफण तूच फिरवून दाखवायची. ही गोळी नुसती बघायला. गोफणीत चिंधीचा गोळा.”

“चिंधीचा? बरं. तरी हेडमास्तरला म्हणावं, काचेच्या खिडक्या उघड्या ठेवा.”