आधी काका जाऊन दाखवतील

...आणि वर झिपलाइनवरची पोरं मलाच सांगतात, "काका, ओरडू नका, पाहुणे घाबरतात!" अरे, पाहुणे घाबरतात? मग मी काय हौसेनं लटकलोय तिथं? तुम्हाला सांगतो, उभा जन्म मका पेरण्यात गेला, गाढवावर बसायची वेळ आली तर मी त्याच्या शेजारनं चालत जातो... मी जमिनीवरचा माणूस हो! आणि रोज सकाळी मला कमरेला पट्टे आवळून दरीवरच्या तारेवरून सोडून देतात. का? तर गावाचा नियम! पाहुण्यांच्या आधी झिपलाइन समितीच्या अध्यक्षानं जाऊन दाखवायचं. तार टिकली तर ठीक... नाही टिकली तर गावाला कळतं, तार बदलायला झालीय!

आता तुम्ही म्हणाल, एपिफानियो, अध्यक्ष झालास कशाला? झालो? अहो, केलं मला! आमच्याकडे सभा भरते, सभेनं बोट दाखवलं की वर्षभर फुकट राबायचं, नाही म्हटलं तर घरचं पाणी बंद. आणि सभेचं बोट जातं कुणाकडे? जो आला नाही त्याच्याकडे! मी त्या दिवशी बकरी शोधत फिरत होतो हो... बकरी सापडली, मी हरवलो. घरी येतो तर दारात तेओदुलो, आमच्या पोरीचा धर्मबाप, म्हणजे अगदी घरचा माणूस! "अभिनंदन! तुमचं नाव मीच सुचवलं." म्हटलं, अहो, मला माळ्यावर चढलं तरी गरगरतं! "म्हणूनच तर! भित्रा माणूस दोर नीट तपासतो." घ्या!

बरं, तार जाते कुठून? माझ्याच शेतावरून! कणसं वाळून उभी, खारी पंगतीला बसलेल्या, आणि आमची ओब्दुलिया पाठीला टोपली बांधून एकटी तोडतेय... हे सगळं मला वरून दिसतं. मी ओरडतो, "अगं, त्या कोपऱ्यात खार!" ती खालून, "मग उतरा की!" कसा उतरू? तुम्हीच सांगा, कसा उतरू?

संध्याकाळी ती कणसं समोर ओतते. पात्यांनी कापलेले ते हात बघितले ना, की मला माझीच लाज वाटते, खोटं नाही सांगत. म्हटलं, "पुढच्या वर्षी तू बसायचं. तोडणी माझी." "बघू," म्हणाली.

आणि ओरडण्याचं काय झालं माहितीये? राजधानीतल्या पाहुण्यांना ते आवडायला लागलं! "तो ओरडणारा काका आहे का आज?" अशी चौकशी करून येतात. आधी गप्प बसा म्हणणारी तीच पोरं आता म्हणतात, "काका, आज जोर नाही, बरं नाही का?" अरे, मी खरा घाबरतोय रे! मी जमिनीवरचा माणूस!

म्हणून यंदा सभेला सगळ्यांच्या आधी हजर! बकरी घट्ट बांधली, ओब्दुलियाला घेऊन पहिल्याच बाकावर बसलो, वेळ आली तशी हॅट काढून उभा राहिलो. "भावांनो, मला खाली उतरवा. यंदा मला माझा मका तोडायचाय. मी जमिनीवरचा माणूस!" दोन बायका तर डोळे पुसायला लागल्या. तेवढ्यात तेओदुलो उठला. "खरंय, या वयात माणसाला असं टांगून ठेवणं पाप आहे." मला वाटलं, सुटलो! देव पावला! तर पुढं म्हणतो कसा, "नदीपलीकडची गुहा आपण यंदा पाहुण्यांना उघडतोय. तिथल्या समितीला अध्यक्ष हवाय. उंचीचा प्रश्नच नाही, सगळं खालीखालीच... आणि यांचा आवाज आत काय घुमेल हो!"

सगळ्यांचे हात वर. मी ओब्दुलियाकडे बघितलं. तिनं हात नव्हता वर केला. ती उठली होती, म्हणाली, "टोपलीचा पट्टा तुटलाय, शिवून घेते."

नाही म्हटलं तर पाणी बंद. तसंही शेवटी सगळ्यांनाच जमिनीखाली जायचंय... मी आपला रोज सकाळी जाऊन येईन.